बारी

बारा सेकंद म्हणजे किती वेळ? शहरातल्या माणसाला विचाराल तर तो म्हणेल, सिग्नलला उभे राहून कंटाळा यायलाही पुरायचा नाही. वर्गात हजेरी घेताना सरांची आठ-दहा नावे तेवढ्यात पुकारून होतात. पण हाच प्रश्न जुन्नर-आंबेगावकडच्या माणसाला विचारून पाहा. तो क्षणभर थांबेल, डोळे बारीक करील आणि उलट तुम्हांलाच विचारील, "कुठल्या घाटात?"

माझे गाव बोरी बुद्रुक. कुकडीच्या काठावरचे. तसे पाहिले तर काळाचे मोठे हिशेब आमच्या गावाला नवे नाहीत. आमच्या नदीकाठी मातीच्या थरांत एक पांढुरकी राख सापडते. ती सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची, असे संशोधकांनी सांगितले. तिच्याजवळच आदिमानवाची दगडी हत्यारेही मिळाली. राख टोबाच्या कोणत्या स्फोटातली, यावर विद्वानांचे एकमत नाही. कुणी तिचे वय पाऊण लाख वर्षे धरतात, कुणी त्याहून कितीतरी मागे नेतात. तिकडे खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्या आकाशाकडे तोंड करून कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरी टिपत असतात. असा हा आमचा मुलूख! पण खरे सांगू का? लाखांचा आणि कोटींचा काळ आमच्या माणसांच्या बोलण्यात कधी येत नाही. त्यांच्या बोलण्यात येतात ते सेकंद. बारा, साडेबारा, तेरा.

घाट म्हटला की तुम्हांला माळशेज आठवेल किंवा नाणेघाट. आमच्या बोलण्यातला घाट निराळा. गावाबाहेरच्या माळावर चढाची एक सरळ पट्टी आखलेली असते, दोन्ही बाजूंना माणसे बसायला बांध घातलेले असतात. हा बैलगाड्यांचा घाट. खाली गाडा जुंपायचा, वर निशाण घेऊन पंच उभा. एका वेळी एकच गाडा सुटतो. शेजारी प्रतिस्पर्धी कुणी नाही, शर्यत फक्त घड्याळाशी. एक गाडा खालून वर गेला की ती झाली एक बारी. विदर्भात शंकरपट भरतो, तळेगाव दशासरचा पट तर नावाजलेला. साताऱ्या-सांगलीकडे एका रेषेत अनेक गाड्या सोडतात आणि गाडीवर हाकणारा बसलेला असतो. आमच्याकडे तसे नाही. आमच्या गाड्यावर माणूस बसत नाही. चार बैल असतात. मागचे दोन धुरेचे, पुढचे दोन जुकाटाचे. गाडा म्हणजे नावालाच गाडा, हलक्या लाकडाचा सांगाडा आणि दोन चाके. पूर्वी पुढे घोडीवर स्वार असे. घोडी उधळली की बैल तिच्या मागे सुटत. निशाण पडले की माणसांच्या तोंडून एकच आरोळी उठे, "भिर्रर्र!" आणि भंडाऱ्याने हवा पिवळी होई.

मला आठवते ती २०११ सालच्या चैत्रातली जत्रा. मी सात वर्षांचा होतो. तात्यांच्या, म्हणजे आजोबांच्या, खांद्यावर बसून मी घाट पाहिला. पाहिला तरी काय? धूळ, आरोळी आणि धुळीतून वर आलेली शिंगे. मी विचारले, "तात्या, कोण जिंकलं?" तात्या म्हणाले, "थांब, अजून बैल घरी कुठं गेलेत?" त्या वेळी मला ते उत्तर मुळीच समजले नाही. उत्तर समजायला पुढे अकरा वर्षे लागली.

तात्यांच्या तरुणपणी गाड्याला जुंपायचे बैल वेगळे नसत. सोमवारी नांगर ओढला, बुधवारी मोट किंवा शेणखताची गाडी ओढली, तेच बैल जत्रेच्या दिवशी शिंगांना रंग लावून घाटात उभे राहत. चार बैल एका घरात नसत. दोन आमचे, दोन शेजाऱ्याचे, अशी जोड लागे. ज्यांच्या बांधावरून वर्षभर भांडणे, त्यांचीच बैले जत्रेला एका गाड्याला! बक्षीस म्हणजे एखादे भांडे, फेटा, नाहीतर नारळ. पहाटे बैल चालत घाटाकडे जायचे आणि संध्याकाळी चालतच घरी यायचे. दुसऱ्या दिवशी विश्रांती, तिसऱ्या दिवशी पुन्हा खांद्यावर जू. तात्या सांगत, "बैल पळाला त्यात काय मोठं? पळून आल्यावर तिसऱ्या दिवशी औताला सरळ चालला पाहिजे. तो खरा बैल."

पण त्याच वर्षी, २०११ च्या जुलैत, केंद्र सरकारने एक अधिसूचना काढली. ज्या प्राण्यांचे प्रदर्शन आणि खेळ करण्यास मनाई होती, त्यांच्या यादीत बैलाचे नाव घातले गेले. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूच्या जल्लिकट्टूबरोबर आमच्या बैलगाडा शर्यतीही बंद केल्या. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने पुन्हा परवानगी दिली, तिला काही दिवसांतच स्थगिती मिळाली. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, तरी गाडे काही सुटले नाहीत. माझे सगळे शाळकरी वय या बंदीत गेले. घाटात गवत वाढले, मग बाभळी आल्या. आम्ही पोरे शाळा सुटल्यावर तिथे जात असू. चौघांनी एका दोरीला धरायचे, एकाने मागून टायर ओढायचा आणि सुटायचे. वर उभा असलेला पोरगा बोटे मोडत सेकंद मोजी. बैलांची बारी न पाहिलेली पोरे बैल होऊन बारी मारत होती. तात्या बांधावर बसून आमच्याकडे पाहत. कधी हसत, कधी न बोलता उठून जात.

सर्जा आमच्या घरी आला तो याच काळात. २०१४ चा उन्हाळा होता. अण्णा, म्हणजे माझे वडील, बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजाराला गेले होते. त्यांना औताला बैल हवा होता. आमचा पाखऱ्या घरच्या गाईचा, पण त्याचा जोडीदार म्हातारा होऊन गेला होता. बाजारात एक माणूस खिल्लार खोंड घेऊन उभा होता. अंगाने सडपातळ, कातडी मऊ, पाय लांब, डोळ्यांत सारखी चमक. खोंड शर्यतीसाठी तयार केलेला. आदल्या वर्षी त्याची किंमत विचारायची आमची हिंमत झाली नसती. पण बंदी आली होती. न पळणाऱ्या बैलाला दूध-अंडी कोण चारणार? तो माणूस किंमत सांगताना खोंडाकडे पाहत नव्हता, असे अण्णा सांगतात. बोटांवर रुमाल टाकून सौदा झाला. दावे हातात देताना त्या माणसाने एवढेच विचारले, "कापणाऱ्याला द्यायचा नाही ना?" अण्णांनी मान हलवली आणि ते निघाले.

सर्जाला चालणे ठाऊक नव्हते. हसू नका, खरेच सांगतो. औताला जुंपला की तो पळायला लागे. पाखऱ्या आपला संथ, एक पाय उचलावा आणि विचार करून दुसरा टाकावा असा. त्याला ओढत सर्जा निघे, नांगराचा फाळ वर येई आणि तासाची पार नागमोडी रेघ होई. बांधावरून जाणारे लोक म्हणत, "काय, शेतातच घाट बांधला का?" पहिला पावसाळा त्याला चालायला शिकवण्यातच गेला. पण शिकला. आमच्या शिवारात आता बहुतेक कामे ट्रॅक्टरने होतात. धरणांचे पाणी आले, ऊस आला, उसात बिबट्या आला, आणि गोठ्यांतून बैल गेले. मात्र उभ्या सोयाबीनमध्ये दोन ओळींच्या मधून कोळपे चालवायचे तर ट्रॅक्टर उपयोगाचा नाही. तिथे बैलच लागतो. सर्जा-पाखऱ्याची जोडी आमची आणि आसपासच्या चार घरांची कोळपणी करी. त्या पैशांतून माझ्या शाळेची फी भरली गेली. हे मी अलंकारिक बोलत नाही. आईने फीच्या नोटा माझ्या हातात देताना "सर्जाचे पैसे आहेत, जपून ने" असे म्हटल्याचे मला आठवते.

१६ डिसेंबर २०२१. सर्वोच्च न्यायालयाने अटी घालून शर्यतींना परवानगी दिली. त्या संध्याकाळी गावात फटाके वाजले, गुलाल उधळला गेला. मी बारावीत होतो. तात्या ऐंशीच्या घरात होते. ते काठी टेकत गोठ्यात गेले, सर्जाच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले आणि अण्णांना म्हणाले, "एकदा घाट दाखवू याला. एकच बारी."

घरात वादाला तोंड फुटले. आई म्हणाली, "आठ वर्षं औत ओढलेला बैल आता पळवायला काढता? पाय मोडला तर कोळपणीला मला जुंपाल का?" अण्णा काहीच बोलले नाहीत. आणि मी? मी त्या वेळी नुकताच २०१४ च्या निकालाविषयी वाचून बसलो होतो. बैलाची शरीररचना घोड्यासारखी धावण्यासाठी नाही, असे न्यायालयाने त्यात म्हटले होते. भूक, भय, वेदना यांपासून मुक्त असणे हा जनावरांचाही हक्क मानला होता. शर्यतीत शेपट्या पिरगाळतात, चाबूक मारतात, टोचतात, हेही त्यात होते. मी शहाणपणाने ते सगळे तात्यांना वाचून दाखवले. मला वाटले, ते रागावतील. ते रागावले नाहीत. बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "खोटं नाही लिहिलेलं."

मग त्यांनी सांगितले. तरुणपणी त्यांच्या हातात पराणी असे. पराणी म्हणजे टोकाला लोखंडी आर बसवलेली काठी. एका जत्रेत त्यांनी धुरेच्या बैलाला ती इतकी टोचली की गाडा पहिला आला, पण बैलाच्या मांडीत जखम झाली, ती चिघळली आणि पेरणीत तो बैल उभा राहू शकला नाही. "बक्षिसाचा हंडा आला घरी. तुझी आजी पाणी भरायची त्यात. तिनं कधी काही बोलून दाखवलं नाही. पण पेरणीला मी आणि माझा भाऊ, दोघांनी जू खांद्यावर घेतलं. तेव्हा कळलं टोचणं म्हणजे काय." ती पराणी अजून गोठ्याच्या आढ्याला खोचलेली आहे. मी लहानपणापासून ती पाहत होतो, पण ती तिथे का आहे हे कधी विचारले नव्हते.

"मग पुन्हा कशाला पळवायचा?" मी विचारले.

"न टोचता पळतो का, ते बघायचंय," तात्या म्हणाले.

त्याच सुमारास माझा मामेभाऊ घरी आला होता. तो चाकणला मोटारींच्या कारखान्यात कामाला आहे. त्याच्याकडे मामांची जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, जिचे उत्पादन थांबून वीस वर्षे उलटून गेली अशी. हा पठ्ठ्या रोज तीच घेऊन कामाला जातो. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या विमानपट्टीवर एके काळी फियाटी शर्यतीत पळत, हे तो अशा अभिमानाने सांगतो की जणू तीत हाच बसला होता. आमचा वाद ऐकून तो म्हणाला, "अरे, तुमचा घाट म्हणजे तर ड्रॅग रेस! सरळ पट्टी, थोडं अंतर, आणि निकाल सेकंदांवर."

त्याने जे सांगितले ते मला नवीन होते. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात तरुण पोरे कोरड्या सरोवरांच्या सपाट तळावर आपल्या जुन्या मोटारी पळवीत. पुढे हा नाद गावांतल्या रस्त्यांवर आला, अपघात होऊ लागले, लोक चिडले, पोलीस मागे लागले. तेव्हा वॉली पार्क्स नावाच्या गृहस्थाने १९५१ मध्ये या शौकिनांची एक संघटना उभी केली. रस्त्यावर पळवू नका, मैदानात या, आधी गाडी तपासून घ्या, नियम पाळा, असे तिचे सांगणे. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, हे अंतर रूढ झाले. आपल्याच पुणे जिल्ह्यात, लोणावळ्यापलीकडे आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर, अशा शर्यती झालेल्या आहेत. "तिथं कोट्यवधींच्या गाड्या येतात," मामेभाऊ म्हणाला, "पण मला आवडतात ते वेगळेच. रोज ऑफिसला जायची जुनी गाडी रविवारी पट्टीवर आणणारे. चालवत यायचं, पळवायची, आणि तिच्यातच बसून घरी जायचं. त्यांचा नंबर क्वचितच येतो. पण ते गाडी फोडून पळवत नाहीत, कारण सोमवारी तिच्यातूनच कामावर जायचं असतं."

हे ऐकून तात्या मान हलवत म्हणाले, "मग त्या लोकांना बैल कळतो." आम्ही सगळे हसलो. आईसुद्धा हसली आणि तिथेच तिचा विरोध अर्धा मावळला. उरलेला अर्धा अण्णांनी मावळवला. डॉक्टरांनी तपासून दाखला दिला तरच, आणि फक्त एकच बारी, असा त्यांनी शब्द दिला.

२०२२ च्या जत्रांच्या हंगामात आम्ही एका शेजारच्या गावच्या घाटात नाव नोंदवले. पहाटे चारला निघालो. सर्जा आणि पाखऱ्या धुरेचे, जुकाटाला चुलत्यांचे दोन बैल. चौघेही औताचे. वाटेत आमच्या शेजारून एकामागून एक टेम्पो जात होते. त्यांत उभे असलेले बैल पाहिले आणि मी मनातून खचलो. काय ते बैल! अंगावर माशी बसली तर घसरावी अशी तकाकी. काहींच्या पाठीवर झुली, पायाखाली गवताची गादी. त्यांच्या किंमती लाखांत. त्यांनी जन्मात कधी नांगर पाहिलेला नाही. त्यांचा खुराक ठरलेला, चालणे ठरलेले, त्यांच्यासाठी गडी ठेवलेला. बंदी उठल्यावर जे परत आले ते तात्यांच्या वेळचे गाडे नव्हते, हे मला त्या रस्त्यावर समजले. आमची बैले मात्र खुरांनी धूळ उडवीत, मधूनच कडेच्या गवताला तोंड लावीत चालली होती.

आमचा नंबर दुपारनंतर आला. ऊन कलले होते. अण्णा आणि चुलते गाडा जुंपत होते, मी सर्जाची वेसण धरून उभा होतो. इतक्यात गर्दीतून एक अनोळखी माणूस जवळ आला. आमच्या बैलांच्या खांद्यांवरचे जुवाचे घट्टे पाहून तो हसला. मग माझ्या हातात त्याने काहीतरी सरकवले आणि कानाशी बोलला, "पोरा, सुटताना धुरेच्या बैलाला एकदा लाव. कुणाला दिसत नाही. दोन सेकंद कमी होतील." मुठीत पाहिले तर दाभणाएवढी टोचणी, मुळाशी चिंधी गुंडाळलेली.

आता जे सांगणार आहे ते मी घरी कधी सांगितले नाही. मला ती टोचणी टाकून द्यावीशी वाटली नाही. मला ती वापरावीशी वाटली. निकालातली वाक्ये पाठ असलेला, आजोबांना हक्क शिकवणारा मी, त्या क्षणी एवढाच विचार करत होतो की दोन सेकंद कमी झाले तर हे झुलीवाले लोक आमच्याकडे वळून पाहतील. चारही बाजूंनी माणसे ओरडत होती, भोंग्यावरून नावे पुकारली जात होती, आणि टेम्पोतल्या त्या बैलांचा मला संताप आला होता. क्रूर माणसे निराळी असतात असे मी समजत होतो. ती निराळी नसतात. ती घाईत असतात, एवढेच.

सर्जाने मान वळवून माझ्याकडे पाहिले, असे लिहिले तर गोष्ट चांगली होईल. पण तसे काही झाले नाही. सर्जा समोर पाहत होता. त्याचे कान ताठ झाले होते, कातडी थरथरत होती, आणि तो पाय आपटत होता. आठ वर्षांत मी त्याला तसे पाहिले नव्हते. जे आम्ही एका पावसाळ्यात मोठ्या कष्टाने विसरायला लावले होते, ते त्याला सगळे आठवत होते! मी टोचणी खिशात घातली. ते चांगुलपणाने की हात मोकळा हवा म्हणून, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

अण्णा ओरडले, "सोड!"

मी बाजूला उडी मारली. पुढचे मला नीट आठवत नाही. धूळ, आरोळी आणि धुळीतून वर जाणारी शिंगे. सात वर्षांच्या वयात पाहिले होते तेच. फक्त या वेळी शिंगे आमच्या सर्जाची होती. संथ पाखऱ्या, एक पाय विचार करून टाकणारा पाखऱ्या, त्याच्या बरोबरीने पळत होता. गाडा सरळ गेला. अगदी सरळ, तासावर नांगर चालावा तसा. निशाण पडले. भोंग्यावर आकडा आला, पंधरा सेकंदांच्या थोडा आत. त्या दिवशी पहिल्या नंबरात आलेले गाडे आमच्याहून दोन-तीन सेकंदांनी पुढे होते. आमच्या नावापुढे काही लागले नाही. टाळ्या थोड्याच वाजल्या. बांधावर बसलेले दोन-तीन म्हातारे मात्र उठून खाली आले. त्यांनी बैलांच्या खांद्यांवरून हात फिरवला आणि विचारले, "औताचेत ना? कुठलं गाव?"

आम्ही चौघा बैलांना पाणी पाजले, तासभर सावलीत उभे केले, पाय चोळले आणि दिवस मावळायला घराकडे निघालो. पुन्हा तेच टेम्पो शेजारून जाऊ लागले. काही गाड्यांवर बक्षिसाच्या मोटारसायकली दोरीने बांधल्या होत्या. मला सकाळइतके वाईट वाटले नाही. वाटेत सर्जा एक-दोनदा पळू पाहत होता. अण्णा त्याला म्हणत, "झालं आता. झालं. घरी चल."

तात्या अंगणात बाज टाकून बसले होते. त्यांच्याने घाटापर्यंत येववले नव्हते. त्यांनी आकडा विचारला नाही. आधी चारही पाय तपासायला लावले, मग खांदा पाहिला, मग मांडी पाहिली. मांडीवरून त्यांचा हात बराच वेळ फिरत होता. ते काय शोधत होते हे मला ठाऊक होते. माझ्या खिशातली टोचणी मला त्या वेळी फार जड वाटली. शेवटी हात काढून घेत ते म्हणाले, "आता विचार, कोण जिंकलं."

तिसऱ्या दिवशी सर्जा-पाखऱ्याला औताला जुंपले. पहिल्या तासाला सर्जा जरा उधळला. दुसऱ्याला सरळ चालला.

पुढच्या वर्षी, १८ मे २०२३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने महाराष्ट्राची कायदादुरुस्ती वैध ठरवली. म्हणजे शर्यती आता राहणार. चाबूक नको, टोचणी नको, विजेचा धक्का नको, बैलांचा दाखला हवा, असे नियमही आहेत. गावोगावचे घाट पुन्हा चोपून-चापून तयार झाले आहेत. मला याचा आनंद आहे, आणि धास्तीही आहे. कायद्याने टोचणी बंद होते, ती देऊ करणारा माणूस बंद होत नाही आणि घेणारा हातही. त्या हाताला आवर घालते ती एकच गोष्ट. हा बैल तिसऱ्या दिवशी आपल्याच औताला लागणार आहे, ही जाणीव. जो बैल फक्त पळण्यासाठी आहे, त्याच्या बाबतीत ती जाणीव कुठून आणायची? त्याला तर पळून झाल्यावर दुसरे कामच नाही. जिंकला तर तो लाखांचा, हरला तर बाजाराचा. आमचे गाडे हौशी होते म्हणून मागे राहिले, असे पुष्कळजण म्हणतात. मला वाटते, हौशी होते म्हणूनच ते गाडे होते.

तात्या आज नाहीत. सर्जा आहे. तो आता कामाला लागत नाही, गोठ्यात बसून असतो. बेल्ह्याच्या बाजारात त्याचे काय होईल हे आम्हांला माहीत आहे, म्हणून तो नेला नाही. त्याला चारा घालणे परवडत नाही, हे आई दर महिन्याला सांगते आणि रोज संध्याकाळी त्याच्यापुढे पेंढी टाकते. ती टोचणी मी जपून ठेवली आहे. गोठ्याच्या आढ्याला, तात्यांच्या पराणीच्या शेजारी. उद्या माझा मुलगा विचारील, की ही कशाला ठेवली आहे. तेव्हा त्याला सगळे खरे सांगता यावे, म्हणून आज आधी तुम्हांला सांगून पाहिले.